एक फ्रेम पांढरीफटक, पुढची काळीकुट्ट: फ्लॅशचं दुखणं शोधायचं कसं

जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, संपला की आमच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर एकाच जातीचे फोटो येऊन पडतात. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली मानाची उंच काठी, पेललेला माणूस, अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी, आणि चेहरा इतका उडालेला की नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते कळू नये. लगेच पुढची फ्रेम उघडावी तर अख्खी मिरवणूक राखाडी अंधारात. खाली मजकूर ठरलेला: "काय बे हे? सेटिंगला हातबी लावला न्हाई!"

बिचारा खरंच सांगत असतो. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर-ॲपर्चर पक्कं, सगळं तसंच. पण फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून कॅमेऱ्यानंच जोर ठरवायच्या मोडवर, असेल तर त्याचा जोर प्रत्येक फ्रेमला नव्यानं ठरतो, आणि तो ठरवणारे तुम्ही नसता. दरवेळी टीटीएलच गुन्हेगार असतो असंही नाही. अर्धवट चार्ज झालेला फ्लॅश, चालू राहिलेला ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानंच ठरवणं), दुसऱ्याच्याच फ्लॅशवर उडणारा आपला फ्लॅश, नकळत लागलेलं हाय-स्पीड सिंक (फार वेगवान शटरला फ्लॅश चालवायचा मोड), या सगळ्यांचा परिणाम वरवर सारखाच दिसतो. म्हणून लोक औषध चुकीचं घेतात. नवा डिफ्युझर मागवतात, मग नवा फ्लॅश, मग "आपल्याला फ्लॅश जमत नाही, नैसर्गिक उजेडच बरा" अशी भूमिका घेतात.

आधी फ्लॅश बंद करा

फ्लॅशची तक्रार घेऊन कुणी आलं की मी पहिली गोष्ट हीच सांगतो, आणि समोरच्याला ती चेष्टा वाटते. फ्लॅश बंद करून, त्याच सेटिंगवर, त्याच जागी एक फ्रेम घ्या आणि ती नीट बघा. या एका फ्रेमनं निम्मं निदान होतं.

कारण फ्लॅशच्या फोटोत एक नाही, दोन एक्स्पोजर असतात. एक तिथल्या मूळ उजेडाचं: रस्त्यावरचे दिवे, रोषणाई, दुकानांच्या ट्यूब. दुसरं फ्लॅशचं. फ्लॅशचा झोत फार तर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता असतो, कमी जोरावर तर १/१०,००० सेकंदापेक्षाही कमी. शटर १/६० ठेवा की १/२००, तेवढा झोत त्यात पुरता बसतो. त्यामुळे सिंकच्या मर्यादेत, म्हणजे फ्लॅशला साथ देणाऱ्या कमाल शटर-वेगाच्या आत, शटर बदलल्यानं फ्लॅशचा उजेड बदलत नाही, बदलतो तो मागचा मूळ उजेड. ॲपर्चर आणि आयएसओ मात्र दोघांवरही चालतात.

आता ती फ्लॅशविना घेतलेली फ्रेम बघा. ती ठार काळी असेल तर फ्लॅश लावल्यावर मागे काळोखच येणार, त्यात फ्लॅशचा काही दोष नाही. तुम्ही १/२००, एफ/८, आयएसओ १०० वर रात्रीची मिरवणूक टिपायला निघालात तर रोषणाई दिसेल कुठून? संध्याकाळनंतर विजापूर वेशीच्या बाजूला उभं राहून टिपायचं असेल तर मी १/६०, एफ/४, आयएसओ १६०० पासून सुरुवात करतो. फ्लॅशविना फ्रेम थोडी अंधारी, पण रस्ता, माणसं, माळा ओळखू येतील इतपत यायला हवी. मूळ उजेड योग्य एक्स्पोजरपेक्षा एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) खाली असला की मग फ्लॅशनं चेहरे उचलून धरायचे.

आयएसओ १६०० म्हटलं की जुनी मंडळी नाक मुरडतात. मुरडू द्या. थोडी कणी चालते, काळ्या भिंतीसमोर उभा केलेला पांढरा माणूस चालत नाही.

फ्लॅशविना फ्रेम ठीक आली आणि फ्लॅशसह बिघडली, तर मग दोष फ्लॅशकडे. पुढची पायरी म्हणजे कार्डावरच्या फ्रेम घेतल्या त्याच क्रमानं बघणं. एकेकटा फोटो काही सांगत नाही, क्रम सांगतो. सलग घेतलेल्या फ्रेममध्ये पहिली बरी, दुसरी अंधारी, तिसरी त्याहून अंधारी असेल तर चार्जिंगची भानगड. माणूस बदलला, चौकट बदलली की उजेड बदलतोय, तर टीटीएल. एकाच बाजूला काळा पट्टा असेल तर सिंक. काहीच संगती लागत नसेल, तर ऑटो आयएसओ चालू आहे का बघा आणि बंद करा. फ्लॅश लावल्यावर कुठला कॅमेरा आयएसओ कधी वर नेईल याचा नेम नसतो, आणि रोग शोधताना एक तरी गोष्ट जागेवर राहिली पाहिजे.

बाराबंदी आणि टीटीएल

यात्रेच्या फोटोंत सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून जरा सविस्तर.

टीटीएलमध्ये मुख्य झोताच्या आधी फ्लॅश एक छोटा झोत टाकतो. तो समोरून परतून लेन्समधून किती आला हे कॅमेरा मोजतो आणि त्यावरून मुख्य झोताचा जोर ठरवतो. मोजताना त्यानं धरलेलं असतं की समोरचं दृश्य सरासरी मधल्या राखाडी रंगाचं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. घरातल्या वाढदिवसात हे गृहीत धकून जातं. गड्ड्यात धकत नाही.

सातही नंदीध्वजांच्या मिरवणुकीत ध्वजाभोवतीचा घोळका बघा. बाराबंदी पांढरी, धोतर पांढरं. चौकट या पांढऱ्यानं भरली की परतणारा उजेड भरपूर. कॅमेऱ्याला वाटतं, झोत फार झाला, आणि तो मुख्य झोत आवरता घेतो. पांढरं कापड राखाडी येतं आणि सावळे चेहरे अंधारात जातात. दोन मिनिटांनी तुम्ही एकाच तरण्या पोराला गाठता, तो ध्वज सावरत मान वर करून उभा, मागे मोकळं काळं आभाळ. आभाळाकडून काहीच परत येत नाही. कॅमेरा म्हणतो, झोत कमी पडला, आणि पूर्ण ताकदीनं मारतो. झाला चेहरा पांढराफटक.

म्हणजे कॅमेरा दोन्ही वेळा आपल्या नियमानं बरोबर वागला. उपाय तीन आहेत, आणि तिघांची जागा वेगळी.

पहिला उपाय फ्लॅश कॉम्पेन्सेशनचा, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला जोर आपण थोडा वाढवण्या-घटवण्याचा. पांढरा घोळका असेल तर +१ च्या आसपास, काळ्या पार्श्वभूमीवर एकटा माणूस असेल तर −१. हे फ्लॅशच्या किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅश कॉम्पेन्सेशनमध्ये करायचं, साध्या एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनमध्ये नव्हे. इथं एक खोच आहे. कॅननवर ही दोन्ही खाती मुळात वेगवेगळी. निकॉनच्या बऱ्याच बॉडींवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन फ्लॅशलाही लागू होतं, आणि काही बॉडींच्या मेन्यूत ते फक्त पार्श्वभूमीपुरतं ठेवायची सोय असते. दोन मित्र शेजारी उभे राहून "मीपण +१ केलंय" म्हणतात आणि दोघांचे निकाल वेगळे येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

दुसरा उपाय फ्लॅश लॉकचा. निकॉन त्याला एफव्ही लॉक म्हणतं, कॅनन आणि सोनीकडे एफईएल. चौकटीच्या मध्यावर चेहरा आणा, लॉकचं बटण दाबा, मापाचा झोत तेव्हाच उडतो, मग हवी तशी चौकट जमवून फोटो घ्या. बाराबंदी असो की काळं आभाळ, माप चेहऱ्याचंच राहतं. माणसं शांत उभी असतील तर हा उपाय सुंदर. धावपळीत बोट बटणावर पोचेपर्यंत नंदीध्वज चार पावलं पुढं गेलेला असतो.

तिसरा उपाय मॅन्युअल फ्लॅशचा, आणि मिरवणुकीसाठी माझं मत याच्याच बाजूनं. रस्त्याच्या कडेला तुम्ही जागा धरून उभे असता. समोरून जाणाऱ्यांचं अंतर जवळजवळ ठरलेलं असतं, अडीच ते साडेतीन मीटर. अंतर ठरलं की फ्लॅशचा जोरही ठरला. कुणी पांढरं घालून येवो की काळं, तुमचा झोत तेवढाच राहतो, बाराबंदी पांढरी दिसते आणि कातडी कातडीसारखी.

हिशेब गाइड नंबरचा, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याचा. गाइड नंबरला ॲपर्चरनं भागलं की पूर्ण जोरावर झोत किती मीटरपर्यंत बरोबर पुरतो ते मिळतं. खोक्यावर ६० लिहिलेलं असतं, पण तो आकडा बहुधा फ्लॅशचं डोकं २०० मिमीला झूम केल्यावरचा, आयएसओ १०० चा. ३५ मिमीच्या झूमवर तोच फ्लॅश साधारण ३६ वर येतो. आयएसओ चौपट केला की गाइड नंबर दुप्पट, म्हणजे आयएसओ १६०० ला १४४. जोर चौथाई केला की गाइड नंबर निम्मा. १/१२८ जोरावर तो पावणेतेरापर्यंत उतरतो. त्याला एफ/४ नं भागा, उत्तर तीन मीटरच्या थोडं पुढं. म्हणजे आयएसओ १६००, एफ/४, तीन मीटरवरचा माणूस, आणि फ्लॅश त्याच्या सगळ्यात खालच्या १/१२८ जोरावर पुरेसा. वर प्लास्टिकची टोपी असेल तर ती दीड-दोन स्टॉप खाते, मग १/३२. इतक्या कमी जोरावर फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो, सेल रात्रभर टिकतात आणि समोरच्याच्या डोळ्यांसमोर काजवेही कमी चमकतात.

अंतर बदललं तर मात्र गणित बदलतं, तेही झपाट्यानं. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दुप्पट लांब गेलात की चौथाई उजेड, म्हणजे दोन स्टॉप कमी. गर्दीत दुसऱ्या रांगेतून हात वर करून फोटो काढताना पुढच्याचं मुंडकं किंवा खांदा पांढराशुभ्र जळतो तो यामुळेच. तो खांदा एक मीटरवर, नंदीध्वज तीन मीटरवर, खांद्यावर नऊपट उजेड. याला कुठलंही कॉम्पेन्सेशन चालत नाही. एक तर पुढं घुसा, नाहीतर फ्लॅशचं डोकं वर उचलून झोताची खालची कडा फक्त मिरवणुकीला लागेल असं करा.

पहिली बरी, दुसरी अंधारी

चार्जिंगचं दुखणं ओळखायला सोपं. पूर्ण जोरावर एक झोत टाकल्यावर चांगल्या सेलवरही फ्लॅशला पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद लागतात. आणि तयारीचा दिवा लागला म्हणजे कपॅसिटर काठोकाठ भरला असं नाही. बऱ्याच फ्लॅशमध्ये तो थोडा आधीच लागतो. त्यात तुम्ही सलग फ्रेमचा मोड लावून बोट दाबून धरलंत, तर पहिलीला पूर्ण घास, पुढच्यांना उष्टं.

सेल कुठले यावर बरंच अवलंबून आहे. ऐनवेळी टपरीवरून घेतलेले साधे सेल फ्लॅशची भूक भागवू शकत नाहीत. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल अंगावर १.२ व्होल्टच लिहितात, पण एकदम जास्त करंट द्यायची त्यांची ताकद चांगली. चारही सेल एकाच वेळी घेतलेले, एकत्रच चार्ज केलेले असावेत. तीन नवे आणि एक ड्रॉवरच्या कोपऱ्यातला, असा संसार चालत नाही. सगळ्यात अशक्त सेल बाकीच्या तिघांना खाली ओढतो.

उन्हाळ्यात यात एक भर पडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढं जातो, बंद गाडीत तर विचारूच नका. सीटवर ठेवलेला फ्लॅश आधीच तापलेला असतो. त्यावर पूर्ण जोरानं सलग झोत मारले की आतलं संरक्षण जागं होतं आणि फ्लॅश हळू भरायला लागतो किंवा चक्क थांबतो. बिघाड नाही, सावलीत ठेवा. पूर्ण जोराचे साधारण ३० सलग झोत झाले की दहा मिनिटं विश्रांती द्या, असं काही फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेतच छापलेलं असतं. ती पुस्तिका कुणी उघडत नाही हा भाग वेगळा.

याच लक्षणांचा एक छुपा भाऊ आहे. फ्लॅशवर एस१ किंवा एस२ असं काही लिहिलेलं दिसतंय का बघा. तो ऑप्टिकल स्लेव्ह मोड. दुसऱ्या कुणाचा फ्लॅश दिसला की आपला उडतो. गड्ड्यात आजूबाजूला कॅमेरे उभे असतात. त्यांच्या प्रत्येक झोताबरोबर तुमचा फ्लॅश फुकट उडत राहतो, आणि तुम्ही बटण दाबता तेव्हा तो रिकामा असतो. मोड बदलला की संपलं.

काळा पट्टा, आणि दुपारचं ऊन

फोटोच्या एका कडेला सरळ काळी पट्टी आली की शटर सिंकच्या वर गेलंय. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असते. त्याहून वेगात शटरचे दोन पडदे एकाच वेळी सेन्सर पूर्ण उघडा ठेवत नाहीत, फटीसारखे सरकतात, आणि झोताच्या क्षणी जो भाग झाकलेला असेल तो काळा. शटर १/१६० ला आणा, पट्टी जाते.

हाय-स्पीड सिंक लावलं तरी पट्टी जाते, पण त्याची किंमत मोजावी लागते. एका जोरदार झोताऐवजी फ्लॅश लागोपाठ बारीक झोत टाकत राहतो आणि हाताशी येणारा उजेड दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटतो. काल दुपारी लावलेलं हाय-स्पीड सिंक आणि १/१००० चं शटर आज रात्री तसंच राहिलं तर सगळ्या फ्रेम अंधाऱ्या येणार.

त्याची खरी जागा दुपारी. भोगीच्या दिवशी सम्मती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा असतो तो भर दुपारचा. डोक्यावर ऊन, फेट्याची सावली डोळ्यांवर, खाली पांढरं कापड ऊन परतवतंय. चेहरे काळे येतात ते इथं. आणि गंमत म्हणजे फ्लॅशची सगळ्यात जास्त गरज असलेल्या या वेळी तो पिशवीत पडलेला असतो, कारण "ऊन एवढं आहे, फ्लॅश कशाला?"

उन्हाचं माप सोपं आहे: लख्ख ऊन, आयएसओ १००, १/२०० ला एफ/११. गाइड नंबर ३६ ला ११ नं भागलं की सव्वातीन मीटर. म्हणजे सिंकच्या मर्यादेत राहून, पूर्ण जोरावर, तीन मीटरवरच्या माणसाला साधा फ्लॅश उन्हाच्या बरोबरीचा उजेड देऊ शकतो. आपल्याला तेवढा नकोच. फेट्याखालची सावली मोकळी करायला उन्हापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी पुरतो, म्हणजे निम्मा किंवा त्याच्या खालचा जोर. पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/२.८ वर जायचं असेल तरच हाय-स्पीड सिंक, आणि मग माणसाच्या जवळ सरकायची तयारी ठेवा.

छत नसेल तर बाउन्स कशावर?

"छतावर मारून बघ" हा सल्ला सगळे देतात. छत कसलं आहे ते कुणी विचारत नाही. मंगल कार्यालयाचं छत वीस फुटांवर असतं, वर मांडवाचं गुलाबी-पिवळं कापड. झोत तिथवर जाऊन येईपर्यंत मरतो आणि येताना कापडाचा रंग घेऊन येतो, नवरी कावीळ झाल्यासारखी. पत्र्याच्या शेडमध्ये उजेड वेडावाकडा उधळतो. जुन्या माळवदाच्या घरात काळपट लाकूड सगळा उजेड पिऊन टाकतं.

अशा ठिकाणी छताचा नाद सोडा आणि भिंत शोधा. बाजूची पांढरी भिंत किंवा मागचा चुना लावलेला कोपरा छतापेक्षा चांगलं काम करतो, कारण उजेड बाजूनं येतो आणि चेहऱ्याला उठाव मिळतो. भिंतही रंगीत असेल तर पांढरी चादर टांगा. सोलापुरात पांढरं कापड मिळालं नाही ही सबब कुणी सांगू नये. मोठा पांढरा टर्किश टॉवेल दोघांनी धरला तरी एका माणसाच्या फोटोपुरता भागतो. फक्त लक्षात ठेवा, परतीच्या वाटेवर दोन-तीन स्टॉप जातात, म्हणून बाउन्स करताना आयएसओ ८०० च्या खाली राहण्याचा हट्ट नको.

कारखान्यातले पांढरे ठिपके

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात फोटो काढणाऱ्यांची ही तक्रार. फोटोत सगळीकडे गोल, धुरकट पांढरे ठिपके. कुणी म्हणतं लेन्सला बुरशी, कुणी म्हणतं सेन्सर साफ करा. फ्लॅशविना फ्रेम घ्या. ठिपके गायब? मग लेन्स निर्दोष आहे. तो कापसाचा तंतू आहे. मागावर सूत घासलं की बारीक फुसका हवेत तरंगत राहतो, खिडकीच्या तिरिपेत डोळ्यांनाही दिसतो. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर बसलेला असतो, त्यामुळे लेन्ससमोर अर्ध्या मीटरवर तरंगणाऱ्या तंतूवर तीन मीटरवरच्या मागापेक्षा छत्तीसपट उजेड पडतो. तो फोकसच्या बाहेर असल्यानं गोल फुगून दिसतो. गड्ड्याच्या होम मैदानावरची धूळ, पावसाचे थेंब, यांचंही हेच.

उपाय एकच: फ्लॅश लेन्सपासून दूर न्या. ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवणारं उपकरण) लावून फ्लॅश बाजूला, मागाच्या दुसऱ्या टोकाकडून तिरका ठेवा. लेन्सजवळची हवा अंधारात राहिली की तंतू दिसत नाहीत. ट्रिगर नसेल तर डोकं बाजूच्या भिंतीकडे वळवा.

फ्लॅश बाजूला नेल्याचा दुसरा लाभ कापडात दिसतो. चादरीचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढला तर छापील कागद वाटतो, नक्षी दिसते, वीण दिसत नाही. तीच चादर टेबलावर पसरा, फ्लॅश जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणून कापडावरून घासत जाईल असा ठेवा. उभ्या-आडव्या धाग्यांची चढउतार, जॅकार्डच्या नक्षीची कडा, एखादी सुटलेली गाठ, सगळं सावलीसकट वर येतं. टॉवेलवर तर प्रत्येक फासा मोजता येतो. जवळची कडा उजळ आणि लांबची काळोखी होत असेल तर फ्लॅश आणखी लांब न्या, कोन तोच ठेवून. अंतर वाढलं की दोन कडांमधला फरक घटतो.

रंगाचंही कारखान्यातच जास्त बिघडतं. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा, वरच्या ट्यूब हिरवट किंवा निळसर, ऑफिसातला बल्ब पिवळा. दोन रंग मिसळले की व्हाइट बॅलन्स एकाला जमतो, दुसऱ्याला नाही. पिवळ्या बल्बच्या खोलीत फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पापुद्रा) लावा आणि व्हाइट बॅलन्स बल्बचा ठेवा. हिरवट ट्यूबखाली फिकट हिरवं जेल. जेल नसेल तर शटर १/२०० ला नेऊन मूळ उजेड कमीत कमी शिरू द्या.

आणि चालत्या मागावर काम करणाऱ्याच्या तोंडावर न विचारता झोत मारू नका. क्षणभर डोळे दिपले आणि हात भलतीकडे गेला तर फोटोची काय किंमत? मालकाची परवानगी वेगळी आणि मागावरच्या माणसाची वेगळी, दोन्ही घ्या.

उडतच नसेल तर

पटापट बघायच्या गोष्टी. कॅमेरा सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर असेल तर बहुतेक बॉडींवर फ्लॅश उडत नाही, मेकॅनिकलवर आणा. फ्लॅश हॉट-शूमध्ये (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) शेवटपर्यंत सरकवून चकती किंवा खटका घट्ट करा, अर्धवट बसलेला फ्लॅश कधी उडतो कधी नाही. ट्रिगर आणि फ्लॅशचा चॅनल, ग्रुप जुळतो का ते बघा. कॅननच्या २०० डी मार्क २ सारख्या काही बॉडींच्या हॉट-शूला मधली पिनच नाही, त्यावर फक्त मधल्या पिनवर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर उडत नाहीत. विकत घेण्याआधी बॉडी घेऊनच दुकानात जा.

शोभेच्या दारूकामाला फ्लॅश लावणाऱ्यांना मात्र काही निदान लागत नाही. आभाळातल्या बाणापर्यंत कुठलाही फ्लॅश पोचत नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११, शटर दोन-चार सेकंद, आणि फ्लॅश बंद. पुढं बसलेली पोरंही दिसायला हवी असतील तर तेवढ्यांच्या अंगावर १/६४ चा एक झोत, रिअर कर्टनवर, म्हणजे शटर मिटायच्या क्षणी.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर ग्रुपवर जरूर टाका. फक्त दोन फ्रेम टाका, फ्लॅशची आणि फ्लॅशविना, एकाच जागेवरच्या. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की शटर, आयएसओ, फ्लॅश उडाला की नाही ही सगळी माहिती फाइलमधून पुसली जाते, आणि मग आम्हालाही नुसता अंदाजच बांधावा लागतो.